आईच्या फोनचं स्टोरेज साफ करूनही दर महिन्याला परत फुल्ल का होत होतं

आधी प्रॉब्लेम सांगते, कारण हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांच्या घरी हेच चालू असणार. आई तासगावला, मी पुण्यात. तिचा फोन ६४ जीबीचा, तीन वर्षं जुना. दर महिन्याच्या शेवटी कॉल येतो, "अगं, परत ते लाल अक्षरात आलंय, जागा नाही म्हणून." मी म्हणते फोटो डिलीट कर. मग ती चष्मा लावून बसते आणि दोन-तीनशे फोटो उडवते, तेही एकेक करून, प्रत्येक फोटो नीट बघून, "हा तुझ्या मामाकडच्या बारशाचा, हा राहू दे" असं करत करत, आणि चार दिवसांनी परत तेच. गेल्या वर्षी तर व्हॉट्सअ‍ॅप उघडेचना, आधी जागा करा एवढंच सांगत होतं, आणि नेमकं त्याच दिवशी भिशीचं घर बदलल्याचा मेसेज ग्रुपवर पडलेला, तो हिला दिसलाच नाही. ही भर उन्हात भलत्याच घरी जाऊन कुलूप बघून परत आली. दुकानात दाखवलं तर म्हणाले फोन जुना झालाय, नवीन घ्या. आई म्हणाली, "फोन चांगला चाललाय की, नुसती जागा नाही, कपाट भरलं म्हणून कोण घर बदलतं का."

मुद्दा बरोबर होता. मग दिवाळीच्या सुट्टीत फराळाचं ताट बाजूला घेऊन दोन तास तोच फोन घेऊन बसले. तेव्हा कळलं की आम्ही तीन वर्षं बादली उपसत होतो आणि नळ चालूच होता.

पहिली गोष्ट म्हणजे जागा कशानं खाल्लीय ते बघायचं, अंदाजानं काही उडवायचं नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज म्हणून असतं तिथे सगळा हिशोब दिसतो, सिस्टीम किती, अ‍ॅप किती, फोटो किती, व्हिडिओ किती. (६४ जीबीच्या फोनमध्ये पूर्ण ६४ कधीच आपल्याला मिळत नाहीत, सिस्टीमच त्यातले बरेच घेऊन बसते, त्यामुळे ते बघून दचकू नका.) आईच्या फोनमध्ये तिनं स्वतः काढलेले फोटो होते जेमतेम ४ जीबी. आणि एकट्या व्हॉट्सअ‍ॅपचे २३ जीबी. म्हणजे ती बिचारी नातवंडांचे फोटो डिलीट करत होती आणि खरी अडगळ दुसऱ्याच खोलीत होती.

ती अडगळ बघायची असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये जा, तिथे स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज. हे पान अनेकांनी कधी उघडलेलंच नसतं. वरती एक पट्टी दिसते, त्याखाली ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स वेगळ्या काढलेल्या असतात आणि 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' म्हणजे खूप वेळा पुढे ढकललेलं सामान वेगळं, आणि त्याखाली कुठल्या चॅटनं किती जागा खाल्लीय त्याची उतरत्या क्रमानं यादी. आईच्या यादीत पहिल्या नंबरवर कॉलनीतल्या महिला मंडळाचा ग्रुप, साडेसहा जीबी. दुसरा भजनी मंडळ. तिसरा आमचा फॅमिली ग्रुप. मी कुठे तर अकराव्या नंबरवर, हे तिला दाखवलं तर म्हणाली तू पाठवतेस काय, नुसतं 'जेवलीस का'.

महिला मंडळाचा ग्रुप उघडून बघितला. वाफाळता चहाचा कप, बाजूला गुलाब, वर दव, आणि खाली सुविचार. हाच फोटो तेरा वेळा. तेरा वेगवेगळ्या बायकांनी तेरा वेगवेगळ्या दिवशी पाठवलेला. मग एकादशीचे विठ्ठल, संकष्टीचे गणपती, गुरुवारचे दत्त आणि स्वामी, शनिवारचा मारुती, म्हणजे आठवड्याचं एक टाइमटेबलच आहे ते आणि सगळे जण ते पाळतात. त्यात प्रत्येक फोटो शंभर-दोनशे केबीचा, कुणाला वाटेल त्यात काय एवढं, पण त्याच्या जोडीला ते व्हिडिओ असतात ना, देवळाची घंटा वाजते आणि मग फुलं पडतात, ते ५-७ एमबीला एक. दिवसाला असे दहा धरा म्हणजे ५०-७० एमबी, महिन्याचे दीड-दोन जीबी एका ग्रुपचे. आई चार ग्रुपात आहे. हिशोब तुम्हीच करा.

हा आजार काही फक्त तासगावचा नाही. जानेवारी २०१८ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं यावर बातमी केली होती, की भारतातले फोन का अडकतात ते शोधताना गूगलच्या लोकांना या गुड मॉर्निंगच्या फोटोंचे ढीग सापडले. त्यांच्या सफाईच्या अ‍ॅपमध्ये असे फोटो ओळखून वेगळे काढायची सोय त्यातूनच आली. तेव्हा ते अ‍ॅप फाइल्स गो होतं, आता फाइल्स बाय गूगल म्हणतात. हे मी आईला सांगितलं तर तिला थोडा अभिमानच वाटला असं मला वाटतं.

आता नळ बंद करायची गोष्ट, आणि या पोस्टमधली हीच सगळ्यात कामाची गोष्ट आहे. व्हॉट्सअ‍ॅपचं मुळातलं सेटिंग असं असतं की मोबाईल डेटावर असलात तर फोटो आपोआप उतरतात आणि वायफायवर असलात तर फोटो, व्हिडिओ, ऑडिओ, डॉक्युमेंट सगळंच. आमच्या घरी मीच दोन वर्षांपूर्वी वायफाय बसवून दिलं, आई-बाबांना व्हिडिओ कॉल नीट दिसावा म्हणून. म्हणजे बघा, तेव्हापासून महापूर आलेला आणि दरवाजे मीच उघडलेले. तर त्याच स्टोरेज अँड डेटाच्या पानावर खाली मीडिया ऑटो डाउनलोड म्हणून तीन ओळी असतात, मोबाईल डेटावर, वायफायवर आणि रोमिंगमध्ये. तिन्ही उघडायच्या आणि सगळ्या टिक काढून ओके म्हणायचं. व्हॉइस मेसेज तरीही आपोआप उतरतात, त्यांना हे सेटिंग लागत नाही, त्यामुळे मावशीचे पाच-पाच मिनिटांचे व्हॉइस मेसेज बंद होतील ही भीती नको (किंवा आशा नको).

यानंतर काय होतं तर येणारा प्रत्येक फोटो धूसर दिसतो आणि त्यावर खाली जाणारा बाण असतो, तो दाबला तरच उतरतो. हे घरच्यांना आधी समजावून सांगा, प्लीज. मी सांगितलं नाही आणि तिसऱ्या दिवशी कॉल, "अगं, फोनला मोतीबिंदू झालाय, सगळं अंधुक दिसतंय."

इथे एक घोटाळा सगळे करतात, मी पण केला. चॅट्सच्या सेटिंगमध्ये मीडिया व्हिजिबिलिटी म्हणून एक बटण असतं. ते बंद केलं की नवीन आलेले फोटो गॅलरीत दिसत नाहीत, आणि आपल्याला वाटतं झालं काम. पण ते फोटो फोनमध्येच असतात, जागा तेवढीच खातात, फक्त नजरेआड जातात. म्हणजे पाहुणे आले की पसारा पलंगाखाली सारतो तसं. मी एक वर्ष आधी हेच करून ठेवलं होतं आणि वर आईला सांगितलेलं की आता नाही भरणार. उलट त्यामुळे गॅलरी रिकामी दिसायची आणि फोन भरलेला, आणि ती गोंधळायची की मग उडवू तरी काय. ते बटण बंद ठेवायला हरकत नाही, गॅलरी स्वच्छ राहते, पण जागेसाठी त्याचा उपयोग शून्य. डिसअपिअरिंग मेसेजचंही थोडं असंच आहे, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी मेसेज जातो खरा, पण जो फोटो आधीच गॅलरीत सेव्ह झालाय तो तिथेच राहतो.

नळ बंद झाला की मग बादली उपसा. मॅनेज स्टोरेजमध्ये आधी 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' उघडा, तिथे सगळं सिलेक्ट करून डिलीट केलं तरी सहसा कुणी रडत नाही. मग ५ एमबीच्या वरचे, हे मात्र एकदा नजरेखालून घाला, कारण त्यात लग्नाचे व्हिडिओ पण असतात. आणि मग एकेक ग्रुप. फॅमिली ग्रुपला सरसकट हात लावायचा नाही.

आणि डॉक्युमेंटला तर अजिबात नाही. हे मी का सांगतेय तर त्या दिवशी जोशात येऊन मी फाइल मॅनेजरमधून व्हॉट्सअ‍ॅपचं डॉक्युमेंटचं अख्खं फोल्डर उडवलं, म्हटलं पीडीएफ कोण बघतंय. दुसऱ्या दिवशी बाबांना सोसायटीत पीककर्जाच्या कामाला सातबारा हवा होता, काकांनी पाठवलेला, आईच्याच फोनमध्ये होता. चॅटमध्ये नाव दिसतंय, दाबलं की फाइल नाही म्हणतंय. जुन्या फाइलचं असंच होतं, एकदा उतरवून घेतल्यावर बऱ्याच काळानं ती परत उतरेलच असं नाही, पाठवणाऱ्याला परत पाठव म्हणावं लागतं, आणि काकांनी तोपर्यंत त्यांचा फोन बदललेला. बाबा काही बोलले नाहीत, ते जास्त लागतं. शेवटी महाभूमीच्या, म्हणजे सरकारच्या जमिनीच्या नोंदींच्या साइटवरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून काढला, पाच मिनिटांचं काम होतं, पण ती पाच मिनिटं येईपर्यंत साइट उघडायला जो वेळ लागला तेवढ्यात आईनं दोनदा चहा केला. तेव्हापासून नियम, पीडीएफ आधी गूगल ड्राइव्हला टाकायच्या, आणि सातबारा, पॉलिसी, आधार असल्या गोष्टी ज्या चॅटमध्ये आहेत तिथे मेसेज दाबून धरून तारा मारून ठेवायचा, म्हणजे शोधायला पण सोपं.

यानंतरही एक अडचण आली. ९ जीबी डिलीट केलं आणि मोकळी जागा वाढली फक्त ४ जीबी. म्हटलं हे काय आता. तर गॅलरीतून उडवलेलं लगेच जात नाही, कचरापेटीत जाऊन बसतं. बऱ्याच फोनांच्या गॅलरीत ते ३० दिवस राहतं, फाइल्स बाय गूगलमध्ये पण ३० दिवस, आणि गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेलं असेल तर ६० दिवस. म्हणजे आई तीन वर्षं जे दोन-तीनशे फोटो उडवत होती ते महिनाभर तिथेच असायचे, आणि ते खरे जायच्या वेळेला नवीन आलेले असायचे. "बेरीज तेवढीच," बाबा म्हणाले, ते रिटायर्ड शिक्षक आहेत. तर डिलीट केल्यावर ट्रॅश किंवा बिन किंवा रीसेंटली डिलीटेड जे काही नाव असेल ते उघडून रिकामं करायचं. आयफोनवाल्यांना पण हेच, तिथे फोटोजमध्ये सगळ्यात खाली असतं.

गूगल फोटोजबद्दल एक धोक्याची सूचना, कारण आमच्या नात्यातच हे झालंय. एका काकूंना वाटलं की फोटो तर क्लाउडवर (म्हणजे गूगलकडच्या ऑनलाइन जागेत) गेलेत, मग फोनमधले उडवू, म्हणून गूगल फोटोज उघडलं आणि तिथूनच सिलेक्ट करून डिलीट. ते दोन्हीकडून गेले, फोनमधून पण आणि क्लाउडवरून पण. ६० दिवसांच्या आत लक्षात आलं म्हणून वाचले, ट्रॅशमधून परत आणले. फोनमधली जागा करायची असेल तर तिथे वर आपल्या गोल फोटोवर दाबलं की 'फ्री अप स्पेस' येतं, ते वापरायचं, ते बॅकअप झालेल्या फोटोंचीच फोनमधली कॉपी काढतं. नुसतं डिलीट नाही.

आणि क्लाउड म्हणजे अथांग नाही. गूगल फोटोजचं ते अमर्याद फुकट १ जून २०२१ ला संपलं, आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबी. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आधी त्यात धरत नसत, २०२४ पासून तोही धरायला लागले. आईचे १५ जीबी भरलेले होते आणि त्यातले ६ जीबी हा बॅकअप, कारण 'इन्क्लूड व्हिडिओज' चालू. म्हणजे ती घंटा आणि फुलं क्लाउडवर पण. ते बंद केलं. १५ जीबी भरले की जीमेलला नवीन मेल यायचे बंद होतात, आणि बँकेचं मेल आलं नाही म्हणून आपण बँकेला शिव्या देत बसतो.

बाकी किरकोळ गोष्टी पटापट सांगते. अ‍ॅपच्या माहितीत क्लिअर कॅशे आणि क्लिअर डेटा अशी दोन बटणं शेजारी शेजारी असतात (काही फोनात डेटाच्या जागी स्टोरेज लिहिलेलं असतं). कॅशे म्हणजे तात्पुरतं साठवलेलं सामान, ते बिनधास्त साफ करा, दुसऱ्याला हात लावू नका, विशेषतः व्हॉट्सअ‍ॅप आणि यूपीआयच्या अ‍ॅपला, कारण ते अ‍ॅप नव्यानं टाकल्यासारखं होतं आणि परत नंबर, ओटीपी, बॅकअप सगळा खेळ. टेलिग्राम असेल तर त्याच्या डेटा अँड स्टोरेजमध्ये मीडिया किती दिवस ठेवायचं ते निवडता येतं, एक आठवडा करा, फाइल लागली तर परत उतरवता येते. भावाच्या फोनात तिथेच ११ जीबीचे सिनेमे होते, तो विषय वेगळा.

कॅमेऱ्याचं पण बघा. साध्या १०८० पिक्सेलच्या व्हिडिओला मिनिटाला साधारण १३० एमबी जातात. आईनं भजनाचा वीस मिनिटांचा एक व्हिडिओ काढलेला, अडीच जीबीचा, आणि त्यातली पहिली तीन मिनिटं सतरंजी दिसते. तो मात्र ठेवायचा होता, म्हणून पेन ड्राइव्हवर टाकला.

डाउनलोडचं फोल्डर उघडलं तर तिथे एकच वीजबिल सात वेळा, कारण दाबलं की परत उतरतं आणि कुठे गेलं ते कळत नाही म्हणून परत दाबतात. पण त्यातच 'लग्नपत्रिका' नावाची एक फाइल सापडली, शेवटी एपीके. ती बघून माझ्या पोटात गोळा आला. पत्रिका कधी एपीके नसते, फोटो असते नाहीतर पीडीएफ. एपीके म्हणजे अ‍ॅप, आणि असलं अ‍ॅप इन्स्टॉल झालं की ते मेसेज आणि ओटीपी वाचू शकतं. आई म्हणाली, "दाबलं होतं मी, पण जागा नाही म्हणाला." म्हणजे भरलेल्या फोननंच वाचवलं, आता बोला. तुमच्याकडे असं काही इन्स्टॉल झालेलं असेल तर आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कॉल करा.

आणि हो, ते क्लीनर, बूस्टर, रॉकेट उडतंय असं चिन्ह असलेली अ‍ॅप. आईच्या फोनात तीन होती. एक साफ करायला, एक त्याची जाहिरात बघून टाकलेलं, आणि तिसरं का होतं कुणास ठाऊक. तिघं मिळून ८०० एमबी खात होते आणि दर दहा मिनिटांनी फोनमध्ये कचरा आहे म्हणून सांगत होते. काढून टाका. फाइल्स बाय गूगल बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असतं, त्यातलं क्लीनचं पान पुरतं, डबल फोटो पण तेच शोधून देतं.

एवढं सगळं करून दिवाळीला फोनमध्ये २६ जीबी मोकळे झाले. आता मार्चअखेरीस बघितलं तर २४. म्हणजे पाच महिन्यांत २ जीबी, आणि त्यातलेही बरेचसे तिनं स्वतः काढलेले आंब्याच्या मोहोराचे फोटो. महिन्यातून एकदा 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' बघायचं ठरवलंय पण तारीख लक्षात राहीना, म्हणून तिनंच संकष्टी धरली. रात्री चंद्रोदयाची वाट बघत अंगणात बसलेली असते, ताट झाकून ठेवलेलं, तेव्हा दहा मिनिटांत उरकते.

फक्त एक त्रास नवीन सुरू झालाय. महिला मंडळातल्या बायका विचारतात माझा फोटो बघितलास का, आणि हिनं तर बाण दाबलेलाच नसतो. तर ती आता धूसर चित्रातच अंदाज लावते. पिवळं दिसलं की दत्त, हिरवं दिसलं की बहुतेक चहाच्या मागची बाग, आणि खाली हात जोडून पाठवते.